ड्यूटी आमची बदलते, पगार मावशींचा का बदलावा?

पत्र थोडक्यात असं: नागपुरात मनीषनगरकडे राहणाऱ्या एक ताई खासगी हॉस्पिटलमध्ये स्टाफ नर्स आहेत. पाळ्या फिरत्या आहेत. कधी सकाळी ८ ते २, कधी दुपारी २ ते ८, आणि महिन्यातून चार-पाच वेळा रात्री ८ ते सकाळी ८. यजमान रेल्वेत मालगाडीचे लोको पायलट आहेत. कॉल आला की दोन तासांत लॉबीत, म्हणजे ड्यूटीची नोंद होते त्या कार्यालयात, हजर व्हायचं, परत कधी येणार ते सांगता येत नाही. सव्वा वर्षाच्या मुलीला सांभाळायला एक मावशी येतात. तासाला ६० रुपये ठरले आहेत, जितके तास तितके पैसे. गेल्या सहा महिन्यांत १७६, १५०, १६८, ९६, १६० आणि १४२ तास भरले. ९६ तासांच्या महिन्यात सासूबाई यवतमाळहून आल्या होत्या, म्हणून मावशींना "सध्या नका येऊ, लागलं तर फोन करते" असं सांगितलं. त्या महिन्यात त्यांच्या हातात ५,७६० रुपये पडले. तेव्हापासून मावशींचं एकच म्हणणं आहे, "ताई, मले महिन्याचा पगार बांधून द्या, नाही तर मी दुसरं काम पाहून घेते." यजमान म्हणतात, न केलेल्या कामाचे पैसे कशाला? शिवाय महिना बांधला की खाडे वाढतात. स्कीममधल्या, म्हणजे सोसायटीतल्या, शेजारणी म्हणतात, तुम्ही रेट बिघडवाल. ताईंचा प्रश्न आहे, "मावशी आम्हाला घरच्यासारख्या आहेत, त्यांच्यावर अन्याय नको. पण तासावरचा हिशेब हाच सगळ्यांत सरळ नाही का?"

ताई,

तुमच्या पत्रात मधेच एक वाक्य आहे, "आमच्या वेळा जमाव्यात म्हणून मावशींनी दोन घरच्या पोळ्या सोडल्या." ते सांगून तुम्ही लगेच मुलीच्या खाण्यापिण्याकडे वळलात. मी मात्र तिथेच थांबले, कारण तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्यातच आहे.

पोळ्यांचं काम ठरल्या वेळेचं असतं. सकाळी नऊला एक घर, साडेदहाला दुसरं, आणि दोन्हीकडे महिना बांधलेला. तुमची ड्यूटी या आठवड्यात सकाळची, पुढच्या आठवड्यात दुपारची. म्हणजे सकाळी नऊ वाजता मावशी कुठे असतील, हे तुमच्या हॉस्पिटलच्या ड्यूटी चार्टवर ठरतं. अशा बाईला दुसरं घर धरता येत नाही. ज्या दिवशी तुम्ही "आज नका येऊ" म्हणता, त्या दिवशी त्यांना सुट्टी मिळते असं तुम्हाला वाटतं. प्रत्यक्षात त्यांचा रोज बुडतो, आणि तो दिवस त्यांना दुसऱ्या कुणाला देताही येत नाही. दुपारी तुमचा फोन येणार नाही याची खात्री कुठे आहे?

त्यामुळे "न केलेल्या कामाचे पैसे" हे म्हणणं मला पटत नाही. तुम्ही मावशींकडून दोन गोष्टी घेता. एक म्हणजे मुलीला सांभाळणं, आणि दुसरी म्हणजे तुमच्यासाठी मोकळं राहणं. पहिलीचे पैसे तुम्ही चोख देता. दुसरी आजवर फुकट मिळाली.

यजमानांना हे पटवणं सोपं जावं, कारण ते स्वतः याच गणितावर जगतात. गाडी घेऊन बल्लारशाला निघाले, वाटेत एखाद्या स्टेशनवर लूपला, म्हणजे बाजूच्या रुळावर, टाकलं, पुढची लाइन मिळेना, तीन तास गाडी जागची हलली नाही. त्या तीन तासांत किलोमीटर वाढले नाहीत, म्हणून भत्ता वाढला नसेल. पण ड्यूटी साइन ऑनपासून साइन ऑफपर्यंतच मोजली जाते, आणि मूळ पगाराला कुणी हात लावत नाही. तुमच्या वॉर्डात एखाद्या रात्री सहाऐवजी दोनच पेशंट असले म्हणून हॉस्पिटल तुम्हाला एक तृतीयांश पगार देतं का? पगार बांधलेला आणि त्यावर धावण्याप्रमाणे भत्ता, ही रेल्वेची पद्धत तुमच्या घरालाही चांगली बसेल.

आता आकडे घेऊ, कारण अशा बोलण्यात सगळी भीती आकड्यांची असते आणि ते कुणी मांडून पाहत नाही.

तुमच्या सहा महिन्यांचे तास ८९२ होतात. ६० रुपयांनी ५३,५२० रुपये. सरासरी महिन्याला साधारण १४९ तास. समजा, तुम्ही १४० तासांची हमी दिली. म्हणजे काहीही झालं तरी महिन्याला ८,४०० रुपये ठरलेले. १४० च्या वर जो तास जाईल त्याला ७० रुपये, कारण तो तास त्यांनी ठरल्यापेक्षा जास्त दिलेला असतो. या हिशेबाने त्याच सहा महिन्यांत तुम्ही किती दिले असते? क्रमाने १०,९२०, ९,१००, १०,३६०, ८,४००, ९,८०० आणि ८,५४०. एकूण ५७,१२०. फरक ३,६०० रुपयांचा, म्हणजे सरासरी महिन्याला ६००.

त्या ३,६०० मधले २,६४० एकट्या ९६ तासांच्या महिन्याचे आहेत. बाकीच्या पाच महिन्यांत मिळून फरक हजाराच्याही आत. म्हणजे महिना बांधल्याने तुमचं घर बसणार नाही. तुम्हाला जड वाटतोय तो एकच महिना, सासूबाई आल्या होत्या तो. आणि मावशींनाही नेमका तोच जड गेला. तुमच्याकडे त्या महिन्यात आठ-नऊ हजारांऐवजी पावणेसहा गेले, त्यांच्याकडे आठ-नऊ हजारांऐवजी पावणेसहा आले. घरभाडं, गॅस, पोरांची फी त्या महिन्यात कमी झाली नव्हती.

हमी १४० चीच असावी असं नाही. ढोबळ रीत अशी, की मागच्या सहा महिन्यांचे तास लिहून काढायचे, सगळ्यांत कमी भरलेला एखाददुसरा विचित्र महिना बाजूला ठेवायचा, आणि उरलेल्यांतला सगळ्यांत कमी आकडा धरायचा. तुमच्या बाबतीत तो १४२ येतो, म्हणून मी १४० म्हटलं. तासांची नोंद नसेल तर आधी दोन महिने नुसती नोंद ठेवा आणि मग ठरवा. घरोघरी कालनिर्णयच्या चौकोनात दुधाचे खाडे लिहितातच, त्याच चौकोनात "१.१५ ते ८.४०" एवढं लिहायला वेळ लागत नाही. फक्त ते मावशींनीही लिहावं किंवा त्यांच्यासमोर लिहिलं जावं. महिनाअखेरीला आठवणीवर हिशेब करायला बसलं की दोघींच्या आठवणी वेगळ्या निघतात.

आता थोडं टोचणारं विचारते. तुमच्या वेळा खरंच इतक्या बेभरवशाच्या आहेत का?

तुमचा ड्यूटी चार्ट सिस्टर इन्चार्ज आधी लावतात. तो हातात आला की तुम्ही घरी कधी नसणार हे पक्कं कळतं. बेभरवशाची ड्यूटी यजमानांची आहे. मग मावशींच्या वेळा इतक्या का हलतात? पत्रातून मला दिसतं ते असं: यजमान पहाटे लाइनवरून परत आले की तुम्ही मावशींना फोन करून सांगता, "आज साहेब घरी आहेत, नका येऊ." म्हणजे रात्रभर इंजिन चालवून आलेला माणूस सव्वा वर्षाच्या, नुकत्याच चालायला लागलेल्या पोरीमागे धावणार, आणि संध्याकाळी पुन्हा कॉल आला की गाडी घेऊन जाणार. यात वाचतात ४००-४५० रुपये. माझ्या मते ही बचत महाग आहे. त्यांची झोप हा त्यांच्या कामाचा भाग आहे आणि तिच्याशी खेळणं बरं नाही.

तेव्हा मावशींच्या वेळा फक्त तुमच्या चार्टवर बांधा. यजमान घरी आहेत की नाहीत, हा हिशेबच त्यात धरू नका. ते घरी असले आणि झोप झाल्यावर मुलीला घेऊन खाली फिरायला गेले तर उत्तमच. चार्ट मिळाला त्याच संध्याकाळी त्याचा फोटो मावशींना किंवा त्यांच्या मुलाच्या फोनवर पाठवायचा. एवढ्यानं तुमच्या घरातली निम्मी अनिश्चितता जाते, आणि यासाठी एक रुपयाही लागत नाही.

उरलेल्या निम्म्यासाठी दिवसाचे नियम लागतात, कारण महिन्याची हमी ठरली तरी रोजची ओढाताण होतेच. आदल्या दिवशी संध्याकाळी सातपर्यंत "उद्या नको" सांगितलं तर तो दिवस मोजायचा नाही. त्यानंतर सांगितलं तर ठरलेले तास भरले असं धरायचं. दारात आल्यावर परत पाठवलं तर अर्थातच. एकदा बोलावलं की किमान चार तास मोजायचे, मग तुम्ही दीड तासात परत आलात तरीही. दीड तासाच्या कामासाठी त्यांचा येण्याजाण्याचा तासभर आणि ऑटोचं भाडं जातं. सकाळी सात ते दहा आणि पुन्हा संध्याकाळी पाच ते नऊ असं तुकड्यातुकड्यांत बोलावणं शक्यतो टाळा, नाहीच टळलं तर मधल्या वेळाचं काहीतरी वेगळं ठरवा. मे महिन्यात तर दुपारी बाराला घरी जा आणि चारला परत या असं नागपुरात कुणाला सांगू नये. त्या चार तासांत त्या तुमच्याच घरी कूलरसमोर पडल्या तर काय बिघडलं?

आणि पुढच्या पाळीच्या नर्सला ओव्हर देता देता तुमचे साडेआठ होतात, हे मला कळतं. "निघालेच, दहा मिनिटांत आले" हे वाक्य प्रत्येक नर्सच्या फोनमध्ये असतं. दहा-पंधरा मिनिटं दोन्ही बाजूंनी सोडून द्या. त्यांना यायला उशीर झाला तरी आणि तुम्हाला झाला तरी. त्यापुढे मात्र पूर्ण अर्धा तास धरा, आणि रात्री नऊनंतर घरी जायचं असेल तर ऑटोचे पैसे तुमचे.

रात्रीबद्दल तुम्ही जे लिहिलंय ते मला सगळ्यांत कमी पटलं. यजमान लाइनवर आणि तुम्ही नाइटला, तेव्हा मावशी मुक्कामाला असतात, आणि त्याचे तुम्ही २०० रुपये देता, "कारण बाळ झोपलेलंच असतं." बारा तासांचे दोनशे म्हणजे तासाला सतरा रुपयेसुद्धा होत नाहीत. नाइटला पहाटे तीन वाजता तुमचा डोळा लागला म्हणून हॉस्पिटल तेवढे पैसे कापत नाही. शिवाय सव्वा वर्षाचं लेकरू रात्रभर झोपतं, हे ज्याला सांगायचं त्याला सांगा. त्या रात्री मावशी स्वतःची पोरं घरी ठेवून आलेल्या असतात. माझी सूचना अशी, की रात्री ८ ते १० आणि सकाळी ६ ते ८ हे चार तास नेहमीच्या तासांत धरा, मधल्या वेळेचे निदान ३०० रुपये ठोक द्या, आणि रात्री ताप आला, दात येऊन रडली, जागरण झालं, तर तेवढे तास जास्तीचे. झोपायला नीट जागा, उन्हाळ्यात कूलरची हवा तिथवर पोहोचेल अशी. रात्रीचं जेवण कापायचं नाही, हे सांगायला लागू नये.

यजमानांच्या खाड्यांच्या भीतीत तथ्य आहे, मी ते उडवून लावणार नाही. पगार बांधला आणि सुट्ट्यांचं काहीच ठरवलं नाही तर दोन्हीकडून कुरकुर होते. पण उपाय पगार न बांधणं हा नाही. महिन्याला दोन भरपगारी सुट्ट्या ठरवा. घेतल्या नाहीत तर पुढच्या महिन्यात चालतील. त्यापलीकडे मावशी स्वतःहून आल्या नाहीत, तर त्या दिवशी जितके तास ठरले होते तितके हमीतून वजा करा. म्हणजे तुम्ही बोलावलं नाही तर हमी शाबूत, त्या आल्या नाहीत तर हमी कमी. एवढी साधी रेघ असली की भांडण होत नाही. सणांच्या सुट्ट्या मात्र त्यांना विचारून ठरवा, स्वतःच्या घरचे सण पाहून नको. तुमच्याकडे महालक्ष्म्या असतील तेव्हा तुम्हाला त्या हव्या असतात, त्यांच्याकडे कदाचित त्याच दिवशी महालक्ष्म्या असतात. दसऱ्याला कुणाच्या घरी सोनं वाटतात, कुणी सकाळपासून दीक्षाभूमीवर असतं. आधी विचारलं की ऐनवेळी तोंडघशी पडावं लागत नाही.

कुणी तुम्हाला सुचवेल, की ९६ तासांच्या महिन्यात जे ४४ तास कमी पडले ते पुढच्या महिन्यात भरून घ्या. मी म्हणेन, नको. महिन्याचा हिशेब महिन्यात संपवा. मावशींचा तो वेळ त्याच महिन्यात वाया गेलेला असतो, तो पुढे परत मागणं म्हणजे दुप्पट वसुली. फार तर आठ-दहा तासांची देवाणघेवाण, तीही त्या स्वतः हो म्हणाल्या तर.

सासूबाई पुन्हा येतीलच. आजीनं नातीसोबत राहावं, ते चांगलंच आहे. पण आजी येणार हे किमान पंधरा दिवस आधी ठरलेलं असतं. तेव्हा मावशींशी बोला. त्यांना गावी जायचं असेल, पोरीचं काही काम असेल, तर साठलेल्या सुट्ट्या तेव्हाच घेता येतील. किंवा त्या रोज चार तास येतील आणि आजींना दुपारी पाठ टेकता येईल. सत्तरीच्या बाईला अख्खा दिवस रांगत्या-धावत्या पोरीला सांभाळायला लावून आपण कुणाचे पैसे वाचवतो, हाही विचार करून पाहा.

"बाळ झोपल्यावर भांडी घासायला सांगितली तर कुरकुर करतात", असंही तुम्ही लिहिलंय. करणारच. बाळाच्या बाटल्या, बाळाचे कपडे, तिचा वरणभात, तिच्या खेळण्यांचा पसारा, हे सगळं सांभाळण्यात येतं. तुमची काल रात्रीची भांडी येत नाहीत. हवी असतील तर वेगळे पैसे ठरवा, आणि त्या नाही म्हणाल्या तर नाही.

आता "घरच्यासारख्या" या तुमच्या म्हणण्याकडे येते. तुमच्या मायेवर शंका नाही. मुलीला लळा आहे हे पत्रभर दिसतं. पण हे मी इतक्या पत्रांत वाचते, आणि दर वेळी ते पैशाच्या मुद्द्याच्या अगदी अलीकडे येतं. दिवाळीला साडी, तान्ह्या पोळ्याला त्यांच्या लेकरालाही बोजारा, म्हणजे त्या दिवशी पोरांना देतात ती भेट, आजारपणात डबा, हे सगळं करा. पण ते पगाराच्या जागी नको. साडीवर दुकानदार किराणा देत नाही. दिवाळीला एक महिन्याची हमी, म्हणजे ८,४००, बोनस म्हणून ठरवून टाका आणि साडी वाटलं तर वरून द्या.

शेजारणींचं काय करायचं? काही नाही. त्यांच्याकडे कुणाची ड्यूटी रात्री आठला सुरू होत नाही. तुमचं काम वेगळं, म्हणून तुमचा पगार वेगळा, इतकं सांगून विषय बदला.

हे सगळं वाचून तुम्ही म्हणाल, महिना ८,४०० ठरलेले आम्हाला परवडतच नसतील तर? खासगी हॉस्पिटलात नर्सला काय मिळतं हे मला माहीत आहे, आणि घराचा हप्ताही असेल. परवडत नसेल तर हमी कमी करा, पण मग त्यांना त्या प्रमाणात मोकळंही करा. शंभर तासांचीच हमी देता येत असेल तर सांगा, "सोमवार ते गुरुवार तुमचे पक्के, शुक्रवार-शनिवार तुम्ही दुसरीकडे काम धरा, मी त्या दिवशी फोन करणार नाही." तुमच्या फिरत्या पाळीत वार बांधणं जड जाईल. पण इन्चार्जशी बोलून ठरावीक वारांना सुट्टी किंवा सकाळची पाळी मागून तर पाहा. सहा दिवस मोकळं राहायला सांगायचं आणि पैसे चार दिवसांचे द्यायचे, हे मात्र चालणार नाही.

दुसरं, हॉस्पिटलला विचारा. प्रसूती लाभ कायद्यात २०१७ साली जी दुरुस्ती झाली, तिच्यानं रजा २६ आठवड्यांची झाली हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्याच दुरुस्तीत ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेनं पाळणाघराची सोय करावी, आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊ द्यावं, हेही आलं. तुमच्या हॉस्पिटलात पन्नासहून जास्त लोक सहज असतील. एकटीनं मागू नका, लहान मुलं असलेल्या पाच-सहा जणींनी मिळून लेखी अर्ज द्या. बाहेरची पाळणाघरं बहुतेक संध्याकाळी बंद होतात, तुमच्या दोन ते आठच्या पाळीला ती उपयोगाची नाहीत. हॉस्पिटलातलं झालं तर निदान दिवसपाळ्यांचा काही भार तिकडे जाईल.

याच जातीची पत्रं इतरांचीही येतात, म्हणून दोन ओळी त्यांच्यासाठी. शिक्षक नवरा-बायको मे महिन्यात बाईला "जूनमध्ये या" म्हणून सांगतात आणि जूनमध्ये ती दुसऱ्या घरी लागलेली असते. मग "बायका टिकत नाहीत" अशी तक्रार. सुट्टीतही निदान अर्धा पगार द्या आणि तो आधी ठरवा. मिहानमधल्या कंपन्यांतल्या शिफ्टवाल्यांनी आणि डिसेंबरात अधिवेशनाच्या ड्यूटीत अडकणाऱ्या घरांनी उलट बाजू पाहावी. तुमचा धबडग्याचा महिना तुम्हाला आधीच माहीत असतो, त्याचे जास्तीचे तास आणि दर नोव्हेंबरातच बोलून ठेवा. दोन घरांनी मिळून एकच मावशी ठेवणार असाल तर दोन्ही मुलं एकत्र असतानाच्या तासाचा दर दीडपट तरी धरा आणि तो दोघांत वाटून घ्या, म्हणजे प्रत्येक घराचंही काही वाचतं. एका पगारात दोन पोरं हा उद्योग करू नये.

ठरेल ते वहीच्या एका पानावर मराठीत लिहा: हमीचे तास, जास्तीचा दर, रात्रीचे पैसे, सुट्ट्या, पगाराची तारीख, दर वर्षी कोणत्या महिन्यात वाढ, आणि काम सोडताना किंवा सोडवताना दोन्हीकडून एक महिना आधी सांगायचं हे. वाचून दाखवा, दोघींनी सह्या करा, फोटो त्यांच्याकडेही राहू द्या. पगार शक्यतो बँकेत टाका. पुढे त्यांना कर्जबिर्ज काढायचं झालं तर नियमित जमा होणारी रक्कम कामी येते. उचल घेतली असेल तर महिन्याला किती कापायची तेही त्याच पानावर.

आणखी एक काम तुमच्याच्यानं सहज होईल. महाराष्ट्रात २००८ पासून घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा आहे. १८ ते ६० वयाच्या बायकांची त्यात नोंदणी होते, कामगार आयुक्तांच्या कार्यालयामार्फत. मूल सांभाळणाऱ्याही त्यात येतात. नोंदणीला त्या तुमच्याकडे काम करतात असं तुमचं पत्र लागलं तर द्या, पुष्कळ घरं उगाच घाबरून देत नाहीत. २०२१ च्या कोरोना निर्बंधांच्या वेळी राज्य सरकारनं घरकामगारांना जे १,५०० रुपये जाहीर केले होते, ते नोंदणी असलेल्यांसाठीच होते. केंद्राचं ई-श्रम कार्ड आधार आणि मोबाइलवर निघतं. मावशींचं वय चाळीसच्या आत असेल तर प्रधानमंत्री श्रमयोगी मानधन योजनाही बघा. वयाप्रमाणे महिन्याला ५५ ते २०० रुपये भरायचे, तेवढेच सरकार घालतं, आणि साठीनंतर महिना ३,००० पेन्शन मिळते. तो हप्ता तुम्ही भरलात तर तुमच्या घराला कळणारही नाही.

आता प्रत्यक्ष बोलायचं कसं. यजमान घरी असतील असा दिवस निवडा. त्यांच्या मागे ठरवलं तर पुढच्या महिन्यात तेच पहिल्यांदा मोडतील. आकडा आधी तुम्ही सांगू नका. मावशींना विचारा, महिना किती बांधला तर तुम्हाला दुसरं काम शोधावं लागणार नाही? त्यांच्या डोक्यात आकडा तयार असतो, पोळ्यांचे किती मिळत होते ते त्यांना पाठ असतं. त्या १५० तासांची हमी मागतील, तर महिन्याला ६०० रुपये जास्त लागतील आणि भरल्या महिन्यांत ते जास्तीच्या तासांत वळते होतील. तुम्ही कुठवर जाऊ शकता ते दोघांनी आदल्या रात्रीच ठरवून ठेवा. आणि नवीन पान लिहिण्याआधी त्या ९६ तासांच्या महिन्याचे राहिलेले २,६४० रुपये त्यांना देऊन टाका. एकदम जमत नसतील तर दोन हप्त्यांत, पण कशाचे आहेत ते सांगून.